बावन्न वर्षांनी परतलेलं पोलाद

स्टेनलेस स्टीलचा शोध बंदुकीच्या नळीपायी लागला. रायफलच्या नळ्या आतून झिजतात ती झीज कशी थांबवायची, या प्रश्नामागे १९१२ मध्ये शेफिल्डचा हॅरी ब्रियर्ली लागला होता. पोलादात क्रोमियमचं प्रमाण कमीजास्त करत ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने एक घाणा ओतून घेतला. त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली धातूची घडण पाहायची तर आधी त्यावर आम्ल लावावं लागतं. या पोलादावर आम्ल चढेचना. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही ते दाद देईना. शेफिल्ड हे मुळात सुऱ्या-चाकूंचं गाव. नळ्यांचा प्रश्न बाजूला राहिला आणि नवं पोलाद जेवणाच्या टेबलावर जाऊन बसलं. रिव्हॉल्व्हरमध्ये ते रीतसर यायला १९६५ साल उजाडलं. त्या वर्षी स्मिथ अँड वेसन कंपनीने मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातून मॉडेल ६० बाजारात आणलं. पाच गोळ्या, जेमतेम दोन इंचांची नळी, .३८ स्पेशलचा बोर, आणि चौकट, नळी, सिलिंडर सगळं स्टेनलेसचं. नियमित उत्पादनात आलेलं हे पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर. त्यातलंच एक आमच्या घरात आहे.

ते माझ्या धाकट्या काकांचं. काका डॉक्टर. अमेरिकेत बरीच वर्षं काढून १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते ग्वाल्हेरला कायमचे परतले. परदेशातून बाडबिस्तरा आवरून येणाऱ्याला स्वतःच्या वापरातलं एक शस्त्र सामानासोबत आणण्याची परवानगी तेव्हा मिळत असे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या वाड्यात शस्त्रं नवी नव्हती. आजोबांची दुनाळी बारा बोर होती, वडिलांचं .३२ चं काळं वेब्ली रिव्हॉल्व्हर होतं. पण अशी पांढरी वस्तू घरात कुणी पाहिलेली नव्हती. आजीने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "हे आपल्या दुधाच्या पातेल्यासारखंच दिसतंय रे, त्याच धातूचं का?" काका हसून "हो" म्हणाले.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले, आयुष्यभर शिकवलं, आणि आजीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला देता येऊ लागलं. दोन्ही धातूंचं रक्षण एकच गोष्ट करते. क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. ओरखडा पडला तर तिथे तो आपोआप पुन्हा धरतो. त्यासाठी पोलादात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर असावं लागतं. पण पातेल्याच्या चांगल्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियमबरोबर ८ टक्के निकेलही असतं. निकेलमुळे ते चिवट राहतं, पत्रा खोल ओढून त्याला हवा तो आकार देता येतो, आणि लोहचुंबक त्याला धरत नाही. मात्र तापवून पाणी देऊन ते कडक करता येत नाही. गोळीचा दाब सोसणारं सिलिंडर तर कडकच हवं. म्हणून रिव्हॉल्व्हरला चारशेच्या मालिकेतलं स्टेनलेस लागतं. त्यात क्रोमियम कमी, निकेल जवळजवळ नाही. त्याला तलवारीसारखं पाणी देता येतं आणि लोहचुंबक त्याला घट्ट धरतो. गंजाच्या बाबतीत आजीचं पातेलं काकांच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा सरस होतं. हे तिला सांगायला मला फार आवडलं असतं.

पोलाद इतकं गुणी, तर रिव्हॉल्व्हरपर्यंत पोचायला त्याला अर्धं शतक का लागलं? एक कारण म्हणजे ते कापायला अवघड. यंत्रावर घेतलं की कापणारं हत्यार लवकर बोथट होतं, धातू तापतो, वरचा थर आणखी कडक होतो. दुसरं कारण अधिक चमत्कारिक. स्टेनलेसवर स्टेनलेस दाबाखाली घासलं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरतात आणि ओरबाडतात. रिव्हॉल्व्हरच्या पोटात तर सगळा खेळ घासण्याचाच: चाप, घोडा, सिलिंडर फिरवणारी पट्टी, ते जागेवर अडवणारी खीळ. म्हणून पुढच्या कितीतरी स्टेनलेस मॉडेलांत कंपनीने घोडा आणि चाप साध्या पोलादाचेच ठेवले आणि त्यांवर क्रोमचा पातळ मुलामा चढवला. वरून सगळं एकसारखं पांढरं दिसतं. नीट पाहिलं की घोड्याची चमक किंचित वेगळी लागते.

एवढा खटाटोप घामासाठी होता. कमरेला, काखेत किंवा घोट्याजवळ अंगाला लागून बाळगायचं छोटं रिव्हॉल्व्हर दिवसभर घामात असतं, आणि घाम म्हणजे मीठ. काळ्या शस्त्रावरचं ब्लूइंग हे लोखंडाचंच नियंत्रित ऑक्साइड, एका अर्थाने मुद्दाम आणलेला सभ्य गंज. त्याचा निळसर काळा रंग देखणा असतो, पण थर पातळ. तेल धरून ठेवेपर्यंतच तो टिकतो. निकेलचा मुलामा आधीपासून होता, पण त्याखाली कधी कधी तांब्याचा थर देत. नळी साफ करण्याच्या द्रावणात अमोनिया असला आणि मुलाम्याला कुठे चीर असली, तर ते आत शिरून तांबं खातं आणि वरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटतं. स्टेनलेसमध्ये सुटायला वेगळं काही नाही. वरून आतपर्यंत तोच धातू.

हा फरक मी घरीच पाहिला, दर खंडेनवमीला. पाटावर लाल कापड अंथरून त्यावर तिन्ही शस्त्रं रिकामी करून मांडली जात. आई ओलं हळदकुंकू लावी, वर शेवंतीचं फूल आणि आपट्याचं पान. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला संध्याकाळी मांढऱ्यांच्या मातेच्या टेकडीवर शिंदे घराण्याचं शमीपूजन. तलवार शमीला लागली की पानं लुटायला झुंबड उडे. घरी परतून सोनं वाटेपर्यंत रात्र होई, आणि शस्त्रं तशीच पाटावर राहत. पाणी, हळद, कुंकू रात्रभर ब्लूइंगवर बसून राही. वडील सकाळी तेलाच्या फडक्याने पुसत, तरी वेब्लीच्या नळीवर, बरोबर पुढच्या नेमखुणेच्या, म्हणजे माशीच्या, मागे, वर्षानुवर्षांच्या बोटांची जागा तपकिरी झाली आहे. तिथे धातूत बारीक खड्डे आहेत. काकांच्या मॉडेल ६० वर त्याच जागी त्याच बोटांनी तितकीच वर्षं कुंकू लागलं. तिथे काहीही नाही.

संग्राहकांमध्ये स्टेनलेसवरचा सर्वांत जुना आक्षेप इथेच आहे. या धातूवर काळ उमटत नाही, म्हणून त्याला जीव नाही, असं ते म्हणतात. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचा खोल निळा रंग, पाणी देताना उमटलेले मोरपंखी ढग, कडांवर झिजून उघडं पडलेलं रुपेरी पोलाद, या साऱ्यांवर लोक जीव टाकतात. मलाही ते आवडतं. पण आक्षेप मला पटत नाही, कारण काळ्या शस्त्रावर मुख्यतः आपण वाचतो ते ठेवणाऱ्याचं वागणं: कुठे ठेवलं, किती पुसलं, कोणत्या हवेत राहिलं. हवापाण्याचा हा मजकूर स्टेनलेसवर उमटत नाही, म्हणून त्याच्याखालचा दुसरा मजकूर स्वच्छ वाचता येतो, कारखान्याचा. ते कसं घडवलं, कोणत्या वर्षी काय बदललं, कुठे काटकसर केली, कुठे आधीची चूक सुधारली, सगळं धातूत जसंच्या तसं राहतं.

हे वाचायला मी माझ्या चुलत भावाकडे शिकले. काकांचा मुलगा. काका परतले तरी तो शिकायला पुन्हा अमेरिकेत गेला आणि ओहायोत स्थिरावला. काकांचं मॉडेल ६० इथे राहिलं, आधी माझ्या वडिलांच्या लायसन्सवर, मग वारसाने माझ्याकडे. ते आपल्याकडे नाही ही हुरहुर त्याच्या संग्रहाच्या मुळाशी असावी. त्याने तसं कधी म्हटलं नाही. त्याच्याकडे १९६५ ते १९८५ या वीस वर्षांतली स्टेनलेस रिव्हॉल्व्हरं आहेत, पोलादी कपाटात, ओळीने. तिथे संख्येवर मर्यादा नाही. मी गेले तेव्हा त्याने प्रत्येकाचं सिलिंडर उघडून रिकामं असल्याचं आधी मला दाखवलं, मगच हातात दिलं. "ताई, आधी बोट घाल आणि मोज," हे वाक्य दर वेळी. ही सवय त्याने काकांकडून उचलली आहे.

पहिलं त्याने सुरुवातीचं मॉडेल ६० दाखवलं. आमच्या घरच्याचं अंग मंद, धुरकट रुपेरी आहे. हे मात्र झगझगीत पॉलिशचं. सुरुवातीच्या काळात कंपनीने स्टेनलेसला निकेलसारखं चमकवलं, मग ती मंद छटेकडे वळली. चमकदार स्टेनलेस आणि निकेल यांच्यात लोक नेहमी गोंधळतात. दोन्ही दिवसाच्या उजेडात शेजारी धरली की निकेलमध्ये किंचित पिवळसर ऊब दिसते आणि स्टेनलेस निळसर थंड दिसतं. एकदा डोळ्यात बसलं की चुकत नाही.

मग मॉडेल ६६. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं, .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं, सहा गोळ्यांचं. माझ्या मते त्या काळातलं सर्वांत देखणं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर हेच. अगदी आरंभीच्या नमुन्यांत मागचा नेमदर्शकही स्टेनलेसचा होता. उन्हात तो चकाके आणि नेम धरताना डोळे दिपत. पुढे तो काळा केला. म्हणजे सगळं स्टेनलेसचं करण्याच्या हौसेला नेमबाजाच्या डोळ्याने लगाम घातला, आणि तो क्षण एका छोट्या भागात गोठून राहिला आहे. संग्राहक तो पांढरा नेमदर्शक शोधत फिरतात. मला त्यांची धडपड समजते.

त्याच रिव्हॉल्व्हरवर भावाने दोन खुणा दाखवल्या. चौकटीत जिथे नळी आटे घालून बसते तिथून एक बारीक पिन आडवी जाते. सिलिंडरमागे पाहिलं तर काडतूस बसतं त्या प्रत्येक खोलीच्या तोंडाशी गोलाकार खाच आहे. काडतुसाची कड तीत बुडते आणि मागचा भाग सपाट दिसतो. पिन नळी फिरू नये म्हणून, खाच जुन्या कमकुवत काडतुसांच्या काळातली खबरदारी म्हणून. १९८२च्या सुमारास दोन्ही बंद झालं. आटे आता जास्त घट्ट बसवता येत होते आणि काडतुसं मजबूत झाली होती, म्हणून त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं, आणि खर्च वाचत होता. अभियंता म्हणेल, योग्य निर्णय. पण पिन आणि खाच असलेल्या नमुन्याला आज जास्त मान आणि जास्त किंमत मिळते, आणि मला ते योग्यच वाटतं. गरजेपेक्षा थोडं जास्त काम करून देण्याची वृत्ती त्या दोन खुणांत दिसते.

सिलिंडर बाहेर झुकवलं की त्याला धरणाऱ्या बाहूखाली चौकटीवर मॉडेलचा आकडा कोरलेला असतो. १९५७ पासून स्मिथ अँड वेसन तो तिथे टाकते. आकड्यापुढे आडवी रेघ आणि १, २, ३ असं काही असेल तर रचनेत बदल झालेत. रेघच नसेल तर मूळ रचना. जुन्या रिव्हॉल्व्हरची ही जन्मकुंडली आहे, आणि तरी कितीतरी विक्रेते ती न उघडता भाव सांगतात. २००१ नंतरच्या बहुतेकांत चौकटीच्या बाजूला किल्लीचं एक छोटं भोकही येतं. त्या भोकाआधीचं आणि नंतरचं, अशी संग्राहकांची सरळ वाटणी आहे.

एक तपासणी मात्र सौंदर्याची नाही, सुरक्षिततेची आहे. मॉडेल ६६ ची चौकट मध्यम मापाची. सिलिंडर बाहेर झुकायला जागा हवी म्हणून नळीच्या मागच्या टोकाची खालची बाजू थोडी सपाट कापलेली असते, आणि नेमकं तिथे पोलाद पातळ. १२५ ग्रेन वजनाच्या हलक्या, जोरदार मॅग्नम गोळ्या सतत झाडल्या की तिथे तडा जाऊ शकतो. या अनुभवातून कंपनीने १९८०च्या आसपास जरा मोठी नवी चौकट काढली. त्यातलं स्टेनलेस मॉडेल ६८६ अजून बनतं. जुनं मॉडेल ६६ पाहताना भाऊ आधी तिथे टॉर्च मारतो, मग बाकीचं कौतुक. जुन्या वस्तूवरच्या प्रेमात असा कठोर क्रम हवाच.

रुगर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं सिक्युरिटी-सिक्स ही वेगळी जात. १९७२ मध्ये आलं, स्टेनलेसमध्ये १९७५ पासून. स्मिथ अँड वेसनच्या चौकटीला एका बाजूने स्क्रूंनी बसवलेलं झाकण असतं. रुगरने ते काढून टाकलं आणि चौकट अखंड ठेवली. शिवाय ती घडाई-कटाईऐवजी ओतकामाने बनवली. मेणाचा नमुना, त्याभोवती मातीचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत पोलाद ओतायचं. आपल्याकडे देवांच्या पंचधातूच्या मूर्ती शतकानुशतकं याच रीतीने घडल्या आहेत. ओतीव म्हणजे कच्चं, असा त्या काळी समज होता, आणि या दणकट रिव्हॉल्व्हरांनी तो पुसला. भावाच्या नमुन्याच्या नळीवर एक ओळ कोरली आहे: अमेरिकन स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी बनवलेलं. रुगरने १९७६ मध्ये आपल्या शस्त्रांवर ती टाकली होती. स्टेनलेसवर ती आजही परवा कोरल्यासारखी टोकदार आहे.

कोल्टचं पायथन १९५५ चं, पण स्टेनलेसमध्ये ते १९८३ मध्येच आलं. फार देखणं, फार महाग. मी हातात घेतलं आणि परत दिलं. निळ्या पायथनची सर त्याला नाही असं मला वाटलं. या एका बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे.

आपल्याकडे संग्रह हा शब्द वापरायलाच संकोच वाटावा अशी परिस्थिती आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. आधी तीन चालत. वारसाने आलेल्यांनाही तीच मर्यादा, आणि जास्तीचं शस्त्र तेव्हा वर्षभरात जमा करायचं होतं. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसासाठी ऐंशीच्या दशकातच बंद झाली. त्यामुळे इथल्या बाजारात जुनं अमेरिकन रिव्हॉल्व्हर लाखांच्या भावात जातं, पण ते नावावर. कोणतं मॉडेल, रेघेपुढे काय, पिन आहे का, हे विचारणारा क्वचित भेटतो. "विलायती आहे" एवढ्यावर सौदा होतो. मला याचं वाईट वाटतं, कारण न समजता ठेवलेलं शस्त्र नीट ठेवलंही जात नाही. कायद्याची मर्यादा मात्र मला मान्य आहे. ग्वाल्हेर-चंबळमध्ये राहून ती अमान्य करणं मला जमणार नाही.

या भागात बंदूक खांद्यावर मिरवतात. वरातीत हवेत गोळ्या झाडतात, आणि वर गेलेली गोळी कुठल्या तरी गच्चीवर उतरते. त्याच दुरुस्तीने या हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा एक लाखापर्यंतचा दंड ठेवला आहे. पाइपाचा देशी कट्टा इथे सहज मिळतो, आणि कधी कधी झाडणाऱ्याच्याच हातात फुटतो. आणि ज्या बेरेटा पिस्तुलाने ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा प्राण घेतला, ते याच ग्वाल्हेरहून मिळवलेलं होतं. आमच्या मराठी वस्तीत यावर मोठ्याने बोलत नसत. मी लहानपणी ते कुजबुजीत ऐकलं आणि मोठेपणी नीट वाचलं. शस्त्रावर प्रेम करणाऱ्या ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने ही गोष्ट मनाआड करू नये, असं मला फार मनापासून वाटतं. काडतुसं आणि रिव्हॉल्व्हर मी एका कपाटात ठेवत नाही. खंडेनवमीला पाटावर मांडण्याआधी सिलिंडर उघडून घरातल्या दोघांनी मोजायचं, हा नियम मी घातला.

२०२० मध्ये तिन्हींपैकी एक द्यायचं होतं. नातेवाइकांचा सल्ला एकमुखी होता: वेब्ली द्या, खड्डे पडलेलं आहे, दुनाळी ठेवा. मी दुनाळी परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. आजोबांची होती, उत्तम होती, डोळ्यांत पाणी आलं. पण वेब्ली आणि मॉडेल ६० शेजारी शेजारी राहायला हवी होती. एकावर आमच्या घराचे हात उमटले आहेत, दुसऱ्यावर स्प्रिंगफील्डच्या कारागिरांचे. दोनच शस्त्रांचा संग्रह करायचा असेल तर यापेक्षा चांगली जोडी मला सुचत नाही.

मॉडेल ६० ची निगा सोपी आहे, पण शून्य नाही. स्टेनलेस गंजतच नाही ही समजूत खोटी. मीठ, घाम आणि दमट फडकं एकत्र आलं की त्यालाही तांबूस ठिपके येतात. साध्या पोलादी तारेने घासू नये, कारण तारेचे कण धातूत रुतून बसतात आणि मग ते गंजतात. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि कमावताना लावलेले क्षारही. आणि हौसेने पॉलिश तर अजिबात करू नये. मंद छटेच्या स्टेनलेसवर कारखान्याच्या पट्ट्याच्या बारीक समांतर रेघा असतात, त्या एकदा गेल्या की गेल्या. सिलिंडरभोवती फिरण्याने पडलेली एक गोल रेघ आमच्या रिव्हॉल्व्हरवर आहे. ती काकांच्या काळातली, ती राहणार.

२०२३ ची विधानसभा आणि २०२४ ची लोकसभा लागोपाठ आल्या. आचारसंहिता लागली की इथे लायसन्सची शस्त्रं जमा करावी लागतात, तशी आमचीही झाली. परत आल्यावर दोन्ही टेबलावर घेतली. वेब्लीवर नवी लाली होती, तेलाने निघाली. मॉडेल ६० वरून लख्ख. माझी पुतणी शेजारी बसली होती. ती .२२ वर नेमबाजी शिकते आहे आणि शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं की लायसन्ससाठी अर्ज करणार आहे. माझ्यानंतर ही जोडी तिच्याकडे जावी अशी माझी इच्छा आहे. सिलिंडर उघडून मोजून झाल्यावर मी तिला मुठीचा स्क्रू काढायला लावला. अक्रोडाच्या दोन फळ्या सुटल्या आणि आत घोड्याची गुंडाळीची स्प्रिंग दिसली, तपकिरी.

"आत्या, बाहेर एवढं स्वच्छ आणि आत गंज? हे स्टेनलेस आहे ना?"

स्प्रिंग साध्या पोलादाची आहे, मी म्हटलं. स्प्रिंगला लागणारी लवचीक ताकद चारशेच्या स्टेनलेसमधून सहज मिळत नाही. म्हणून जुनं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर कुणी दाखवलं तर अंगाकडे पाहून भुलायचं नाही. मूठ काढून दाखवा म्हणायचं, आणि काढू देत नसेल तर उठायचं. मग तिने वहीत रिव्हॉल्व्हरचं चित्र काढलं आणि कुठला भाग स्टेनलेसचा, कुठला क्रोमच्या मुलाम्याचा, कुठला साधा, अशी खूण करत गेली. बाहूखालचा आकडाही तिने उतरवून घेतला: ६०, पुढे रेघ नाही. त्याचा फोटो तिने त्याच रात्री ओहायोला पाठवला, आणि तिकडून पहिला प्रश्न आला तो स्प्रिंगबद्दलच.